बेसमेंटातला कोच

"अरे, पास दे! पास दे, गाढवा! कोपऱ्यात मोकळा उभाय तो!"

कॅनडात, व्हिटबीतल्या माझ्या शेजाऱ्याच्या बेसमेंटातून ही गर्जना उठली की लेक ऑन्टॅरिओवरचे रानहंस वेळेआधीच दक्षिणेला पळतात. हा गृहस्थ युरोपातल्या क्लब बास्केटबॉलचा भक्त. एकदा इस्तंबूलला विमान बदलताना तीन तास बाकावर पेंगला, तेवढ्यावर तिथला एक क्लब 'आमचा' झाला. तिकडे रात्री मॅच असते तेव्हा हा इथे दुपारी ऑफिसात. मग संध्याकाळी रेकॉर्डिंग लावतो आणि आंघोळ करून केव्हाच झोपी गेलेल्या खेळाडूंना डावपेच शिकवतो. ऑक्टोबर ते मे, म्हणजे सीझनभर, त्याला कुणी स्कोअर सांगायचा नाही. एकदा मी नुसता हसलो, तर आठवडाभर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

यंदा 'आमचे' फायनलला पोचले. रविवार होता, तरी त्यानं लाइव्ह पाहिली नाही. "लाइव्हमध्ये आपल्या हातात काही नसतं, राव," म्हणाला. संध्याकाळी मला बोलावून रेकॉर्डिंग लावलं. शेवटचा सेकंद, आमचे एका गुणानं मागे, चेंडू बास्केटकडे निघालेला. यानं रिमोट दाबला. चेंडू हवेतच थांबला.

"अरे, लाव ना पुढे!" आता मी ओरडलो.

"थांब. आधी चहा घेऊ."

तीन चहा झाले. शेवटी वहिनी जिन्यातून म्हणाल्या, "अहो, ती मॅच दुपारीच संपलीय!" यानं टीव्ही बंद केला.

महिन्याभरानं ड्राइव्हवेत भेटला. मी विचारलं, "काय, जिंकलात की हरलात?"

"मॅच चालू आहे," तो म्हणाला.