एका फटक्यात

आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत सकाळी वाचनालय उघडून बसायचं काम मी आपणहून घेतलं आहे. पुस्तकं न्यायला फारसं कुणी येत नाही. मी आपली वरच्या खिडकीशी बसते. खाली गोल्फची छोटीशी हिरवळ आहे. तिथे जोगळेकर रोज एकटेच खेळतात.

आज त्यांनी पार कडेच्या आंब्याखालून बॉल मारला. तो सावकाश घरंगळत गेला आणि थेट खळग्यात पडला. जोगळेकरांनी काठी उंचावली आणि चटकन मागे वळून पाहिलं. मग डावीकडे, उजवीकडे. कुणीच नव्हतं. त्यांनी माझ्या खिडकीकडेही पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या, पण ती काच बाहेरून आरशासारखी दिसते. त्यांना तिच्यात नुसतं आभाळ दिसलं असणार. काठी हळूच खाली आली.

दुःख एकटीने गिळायला मी शिकले. आनंदाचं काय करायचं, ते मात्र अजून कळत नाही. परवा मला उकड अगदी आमच्या ह्यांना आवडायची तशी जमली. ओट्याशी उभ्यानेच खाल्ली आणि पातेलं घासून टाकलं. ती खरंच तशी झाली होती का, आता कुणाला विचारू?

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये मी मुद्दाम जोगळेकरांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "सकाळी तुमचा बॉल एका फटक्यात आत गेला. मी वरून पाहिलं."

त्यांचा घास हातातच राहिला.

"गेला होता ना खरंच?" ते म्हणाले. "मला वाटायला लागलं होतं, मलाच भास झाला."