गल्ल्यांवरची होडी

आमच्या मुरुमकडच्या धरणात एक बेट आहे. खरं तर ती बुडालेल्या गावाची टेकडी. वरच्या देवाला मी दर पुनवेला जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला नावाडी काका तीनच गोष्टी सांगायचे, "पेयाला पाणी घ्या. वारं सुटायच्या आत फिरा. आन् चपला होडीतच काढा."

सरळ गेलं तर दहा मिनिटांची वाट. काका मात्र वळणं घेत अर्धा तास लावायचे. मी एकदा कुरकुरलो.

"खाली गल्ल्या हायत," ते म्हणाले. "लोकायच्या घरावरनं कसं जायाचं? आन् चपला घालून तर न्हाईच."

त्यांचं स्वतःचं घरही तिथंच, पाण्याखाली. त्याला ते लई लांबून वळसा घालायचे.

यंदा उन्हाळ्यात धरण आटलं आणि घरांची जोती उघडी पडली. काका चिखल तुडवत गेले. मी मागं होतो. एका जोत्यात रोवलेल्या दगडी उखळापाशी ते थांबले.

"आईचं हाय," एवढंच बोलले.

तिथून बेटाकडं बघितल्यावर कळलं, काकांचा अंदाज चुकला होता; वळसा घालूनही आमची होडी इतकी वर्षं बरोबर त्याच्यावरूनच जात होती.

पावसाळ्यात धरण भरलं. होडीत बसल्यावर सवयीनं मी चपला काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले, आणि त्यांनी होडी सरळ बेटाकडं वल्हवली.