दोन हात खोल

माझ्या आत्याचे समोरचे दोन दात मी पाडले. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा लिहायला बसलो की मी हळूहळू स्वतःचीच बाजू घ्यायला लागतो. माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. आता गुडघे गेले, नजर गेली, राग तेवढा शाबूत आहे. त्या साली मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो, अंगात मिठागराची रग होती आणि अक्कल शोधून सापडली नसती.

आमचं गाव ठाणे आणि कल्याण यांच्या मधल्या खाडीला लागून. पुढे खाडी, बाकी तिन्ही अंगांना भरतीचं पाणी शिरणारं खाजण आणि मिठाच्या कोंड्या, म्हणजे बांध घालून केलेले मीठ पिकवायचे वाफे. चाळीसएक घरं, सगळी मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यांची. प्यायच्या पाण्याची विहीर एकच, गावामागच्या टेकाडावर. ती उथळ होती आणि उथळ होती म्हणूनच गोडी होती. खाडीकाठच्या जमिनीत खाली सगळं खारं पाणी असतं. पावसाचं गोडं पाणी मुरून त्या खाऱ्यावर पसरून राहतं, दुधावर साय धरते तसं. तेवढी साय उचलायची. खोल गेलात किंवा एका दमात उपसलंत की खालचं खारं वर आलंच म्हणून समजा. आज मी हे शहाण्यासारखं लिहितो आहे. तेव्हा हे फक्त आत्या सांगायची आणि आम्हा पुरुषांना ते बायकी खूळ वाटायचं.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. माझे आईबाप पटकीत गेले तेव्हा मला तिनेच सांभाळलं, आणि चार यत्ता शिकायला ठाण्यालाही तिनेच धाडलं. विहिरीचा दोर तिच्या घरी असे. गावाची रीतच तशी होती. दोर जिच्या घरी, त्या बाईने मिठागरात पाऊल टाकायचं नाही आणि सकाळी पाणी चाखेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. कारण साधं होतं. कोंड्यांतून राबणाऱ्याच्या नाकातोंडात दिवसभर मीठ जातं, ओठ फुटतात, जीभ मरते. त्याला थोडा खार कळतच नाही. म्हणून आत्या रोज सकाळी पहिला पोहरा काढायची, एक घोट तोंडात धरायची आणि थुंकायची. ‘गोडं’ म्हणाली की दोर रहाटावर चढायचा. ‘मचूळ’ म्हणाली की त्या दिवशी विहीर निजायची. कोणी कितीही आदळआपट करो, दोर मिळायचा नाही.

होळी झाली की तिचा कारभार आणखी कडक व्हायचा. घराला तीन कळशा, त्याही सकाळीच. दुपारी विहिरीवर नारळाची झापं घालून ठेवायची, ऊन लागू द्यायचं नाही. पुरुषांनी आंघोळ खाडीत करायची आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी अंगावर घ्यायचं. भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी गुरांना. या नियमांवर आमच्या आज्या-पणज्या जगल्या होत्या आणि एकाही उन्हाळ्यात विहीर बिघडली नव्हती.

त्या साली गणपती गेले तसा पाऊसही गेला, तो परत फिरकलाच नाही. घाटावर मोठा दुष्काळ होता. तिकडची माणसं पोरंबाळं घेऊन झुंडीने कल्याणात उतरत होती. आमच्याकडे मीठ मात्र असं पिकलं की पांढऱ्या ढिगांकडे बघवत नव्हतं. उन्हात मीठ ओढायचं आणि घरी येऊन अर्धा तांब्या पाणी प्यायचं. चैत्रात आत्याने तीनच्या दोन कळशा केल्या आणि वैशाख लागताच एक.

एकीवर आल्यावर गावाची डोकी फिरली. विहिरीवर दोघी जावांची जुंपली. एकीने दुसरीच्या डोक्यात कळशी घातली. कपाळ फुटून रक्ताची धार लागली. लुगडं भिजलं तशी ती बाई ओरडायला लागली, पानी द्या, धुवायला पानी द्या. आत्या जागची हलली नाही.

‘राख दाब त्याच्यावर,’ ती म्हणाली. ‘रगत धुवाया पानी नाय मिलायचा.’

मी तिथेच उभा होतो. मला बाईच्या रक्ताचं काही वाटलं नाही, आत्याचं ते शांत तोंड बघून मात्र माझं पित्त खवळलं. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या पाड्याची माणसं पिंप घेऊन आली. आम्ही त्यांना बांधावर गाठलं. मी एकाच्या मनगटावर कुदळीचा दांडा असा घातला की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटलं. तो माणूस हात पोटाशी धरून चिखलातून रांगत गेला आणि त्याचं पिंप आम्ही फोडून टाकलं. त्यांच्याही घरी तहानलेली पोरं असतील, हा विचार मला दहा वर्षांनी सुचला.

त्यातच माझी बायको बाळंत झाली. मुलगी झाली. बायको अशक्त, ताप येऊन गेलेला, ओठ वाळलेले, आणि घरात दिवसाची एक कळशी. तिचा भाऊ टिटवाळ्याहून बाळ बघायला आला होता, तो बिचारा खाडीचं पाणी तोंडावर मारून दिवस काढायचा. मी आत्याकडे गेलो आणि बाळंतिणीसाठी दुसरी कळशी मागितली.

‘माझी अर्धी तिला देतेच हाय,’ आत्या म्हणाली. ‘उद्यापासून सगली देते. पन विहिरीतून दुसरी नाय.’

ती खरंच अर्धी देत होती, मला ते ठाऊकही नव्हतं. ठाऊक झाल्यावर लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, ही मला भीक घालते आहे. मी तिच्या दारातला रांजण लाथेने उलथा पाडला. तो रिकामाच निघाला.

मिठागरावर मी डोक्यात राख घालून बोलत सुटलो. विहीर खोल करायची, मग पाणीच पाणी. कल्याणकडच्या गावांनी तसंच केलं होतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं. त्यांची जमीन कातळाची आणि आमची खाजणाची, हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. खणणं हा तर आमचा जन्माचा धंदा. बांध आम्ही घातलेले, कोंड्या आम्ही काढलेल्या. मातीतलं आम्हाला एक बाई काय शिकवणार, अशी सगळ्यांची घमेंड. माझ्यासकट आठ जण तयार झाले.

सकाळी पहारी-कुदळी घेऊन गेलो तर आत्या विहिरीच्या दगडावर बसलेली, मांडीत दोराचं वेटोळं. उठ म्हटलं, उठली नाही. मी दोर ओढला. तिनेही तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

‘आरं, खाली खारा पानी हाय,’ ती म्हणाली. ‘तुझी पोर हाच पानी पिनार हाय रं.’

माझ्या मुलीचं नाव तिने काढलं आणि माझा हात सुटला. चापट नव्हती ती, मूठ होती. आत्या तोंडावर दगडाच्या धारेला आपटली. उठली तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ती दगडाच्या खाचेत काहीतरी चाचपत होती. दात शोधत होती. बाकीच्या सातांपैकी एकानेही मला अडवलं नाही. माझी बायको बाळाला घेऊन टेकाडाखाली आमच्या खोपटाच्या दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं.

आम्ही आत उतरलो. दुपारपर्यंत दोन हात खोल गेलो. तळाला चिकणमातीचा घट्ट थर लागला, पहार घातली की टणकन मागे यायची. तो थर आम्ही ईर्ष्येने फोडला. फुटला तसं पाणी उसळलं, बघता बघता गुडघ्याला लागलं. आम्ही आत एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारत ओरडत होतो. मी ओंजळ भरून प्यायलो आणि वर तोंड करून ओरडलो, गोडं हाय! बाकीचेही प्याले. सगळ्यांना गोडंच लागलं. त्या तापल्या दिवसात थंडगार पाणी, आणि आमच्या जिभा चार महिने मिठात मुरलेल्या.

आत्या पदराचा बोळा तोंडाला लावून काठावर आली. तिने पोहरा मागून घेतला, घोट धरला आणि थुंकली. थुंकी लाल होती.

‘खारा हाय,’ ती बोबडं बोलली. ‘बुजवा. आताच बुजवा.’

‘तुझ्या तोंडात रगत हाय, आत्या,’ मी म्हणालो. ‘त्याचा खार लागतोय तुला.’

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला दात पाडल्यापेक्षा जास्त छळतं.

त्या दिवशी गावाने वर्षाची हौस भागवली. बायकांनी न्हाऊन घेतलं, म्हशी धुतल्या, पोरांनी एकमेकांवर पाणी उडवलं. रहाट संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मी भरलेला हंडा खांद्यावर घेऊन ऐटीत घरी गेलो आणि बायकोपुढे ठेवला. ती बाळंतपणामुळे तीन महिने मिठागरात गेली नव्हती. तिने एक घोट घेतला आणि माझ्या पायाशी थुंकली.

‘खारा हाय,’ ती म्हणाली.

मी हंडा उचलून भिंतीवर फेकला. तो तिच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेला. तिने बाळाला पदरात गुंडाळलं, भावाला हाक मारली आणि भरतीच्या होडीने कल्याणला आणि तिथून टिटवाळ्याला निघून गेली. मी दारात उभा राहून शिव्या देत होतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या मेलेल्या जिभांनाही कळलं. डाळ शिजेना. गुरं पाण्याला तोंड लावून मान फिरवू लागली. दोन दिवसांपूर्वी न्हालेल्या बाया हंडे घेऊन विहिरीवर उभ्या होत्या आणि पाणी प्यायलेली लहान पोरं ओकत होती. भर वैशाखात गावाला प्यायला थेंब नाही. त्या दिवसापासून बायकांना दोन कोसांवरून पाणी आणावं लागलं आणि तिथेही लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. आम्ही बांधावर जे केलं तेच आमच्या बायकांच्या वाट्याला आलं.

मग गाव माझ्याकडे वळलं. खणणारे आठ होते, पण ‘गोडं हाय’ म्हणून ओरडणारा मी होतो. उरलेल्या सातांनीच मला पहिलं धरलं. विहिरीच्या ओल्या दोराने मारलं. पाठ सोलून निघाली. मिठाने भरलेल्या त्यांच्या हातांचे फटके जखमांवर बसत होते आणि मी गुरासारखा ओरडत होतो. डावा हात कोपरात मोडला, तो आजही सरळ होत नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, ह्यालाच टाका हिच्यात. सगळ्यांना ते पटलं. मला पाय धरून ओढत टेकाडावर नेलं आणि डोकं खाली करून काठावरून अर्धा लोंबकळत धरलं. खाली काळं पाणी दिसत होतं. मी आत्याच्या नावाने हाका मारल्या. दुसरं कुणाचं नाव मला आठवलंच नाही.

ती आली. तोंड सुजून एवढं झालं होतं. ती माझ्याकडे न बघता थेट विहिरीच्या काठावर, माझ्या कमरेवर आडवी पडली.

‘ह्याला मारायचा तर खाडीत नेऊन मारा,’ ती म्हणाली. ‘माझ्या विहिरीत मढा नको.’

‘आता कसली विहीर?’ एक जण ओरडला. ‘मेली ती.’

‘मेली नाय. निजली हाय. मढा पडला तर कुजंल.’

त्यांनी मला मागे ओढून दगडांवर फेकलं. मग तिने लोकांना कामाला लावलं. फोडलेला थर परत घालायचा होता. शेतातली चिकणमाती आणून, मळून, ती दोन हात भरून काढायची होती. मी उजव्या हाताने टोपल्या वाहिल्या. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. आत्या काठावर बसून प्रत्येक थर पायांनी तुडवून घ्यायची आणि पुन्हा तुडवायला लावायची. पुढे दोन पावसाळे विहिरीला कोणी शिवलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी तिने घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, आणि गिळला. माझी बायको पहिल्याच दिवाळीआधी परत आली होती, ती आधी आत्याच्या घरी गेली आणि नंतर माझ्या. आत्या थकली तेव्हा दोर माझ्या बायकोकडे आला. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती आणि मी कधी मागितलीही नाही.

माफी मागायला जायलाच मला फार वर्षं लागली. एका दुपारी आत्याच्या ओटीवर बसलो होतो. माफी मागायची ती मागितलीच नाही, भलताच प्रश्न विचारला. म्हटलं, आत्या, त्या दिवशी तू आडवी पडलीस ती मला वाचवायला की विहिरीला?

मला वाटलं होतं ती हसेल, डोक्यावर हात ठेवेल.

‘विहिरीला,’ ती म्हणाली. ‘तुझ्यासारखी पोरं गावात लई हायत.’

मी उठलो, बांधावर जाऊन बसलो आणि बराच वेळ रडलो.