जावेच्या डब्यातली गोळी

माझे गुडघे तिच्या आधीपासून दुखत होते, हे मी आधीच सांगून ठेवते. न्हावरे गावात आमचं घर एक, चूल एक आणि गुडघे धरून बसणाऱ्या बाया दोन. मी थोरली, ती माझी धाकटी जाऊ. मी तीन वर्षं तेल चोळत बसले. तिचं दोन महिने दुखतंय न दुखतंय तोच माहेरच्यांनी तिला दौंडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. सूज उतरायची गोळी लिहून मिळाली आणि आठवड्यात बाई तुरुतुरु चालायला लागली. कांद्याच्या लागणीला तिचा वाफा पुढं, माझा मागं. सासूबाई बांधावरून म्हणायच्या, "धाकटी बघ, कशी भराभरा उरकती." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात नवरात्र आलं. आमच्यात सगळ्या सुना नऊ दिवस उपास धरतात. पण गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही असं डॉक्टरनं बजावलेलं, म्हणून सासूबाईंनी तिला उपासच माफ केला. मला कधी तापातसुद्धा माफ केला नव्हता. ती घटाला हात जोडून निवांत भाकरी खायची. मी मनात देवीला बोलले, यंदा नुसत्या चहावर नऊ दिवस काढीन. मी भगरीचं ताट घेऊन गोठ्यात जायची आणि गाईपुढं ठेवायची. उपास माझा कडक, आणि वाफाही माझाच पुढं, असं मी ठरवून टाकलं होतं.

तिच्या गोळ्यांचा डबा फडताळात असायचा. आत दोन पाकिटं. बारकी गोळी पोट सांभाळायला, मोठी गुडघ्याला, एवढं कानावर होतं. पोटाचं मला काय करायचंय? दुसऱ्या माळेपासून मी रोज मोठी तेवढी उचलली, चहाबरोबर.

खरं सांगते, सुख होतं. उकिडवं बसले तरी गुडघा आहे हे आठवायचं नाही. चौथ्या माळेला मी तिच्या दोन वाफे पुढं गेले. ती मागं कमरेवर हात देऊन उभी होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी, पण वाटली नाही. पोटात जळजळायचं, ते उपासाचं म्हणून सोडून दिलं.

सातव्या माळेला शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि वाफ्यातच डोळ्यांपुढं अंधारी आली. शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषधं काय चालू आहेत?" मी "बीपीची" एवढंच सांगितलं. मालक शेजारी, सासूबाई शेजारी, चोरी सांगायची कोणत्या तोंडानं?

जावेनं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "माझी ही गोळी बी घेत्यात, उपासात," ती म्हणाली.

"उपाशीपोटी? अहो, आतून रक्त गेलंय तुमचं," बाई म्हणाल्या. "आणि बीपीवाल्यांनी तर ही विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. बीपी चढतं, मूत्रपिंडाला धोका होतो. तिला बघून दिलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नसतं."

सलाईन लावल्यावर आम्ही दोघीच राहिलो.

"तुला ठावं व्हतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं, अक्का. तुमचं माझ्यापरीस जास्त दुखतंय. गोळ्या थोड्याच ऱ्हायल्या व्हत्या, म्हणून मी घ्यायची थांबले. तुम्ही फराळ करून घेताय असं वाटलं. ताट घेऊन जायच्या ना."

म्हणजे मी जिला मागं टाकलं, ती गोळीशिवाय लागण करत होती.

"आता दुखतंय का?"

"व्हय," म्हणाली, आणि गुडघा दाबत माझ्या पायांवर चादर ओढली. उपकार मानायचे सोडून मला तिचा रागच आला. गुडघे देताना देवानं दोघींना सारखे दिले, मन तेवढं तिलाच का दिलं?