अष्टमीचं पाणी

२४ नोव्हेंबर १९८६, अष्टमी. आजचं काम : माशांच्या पेटीतलं पाव हिस्सा पाणी काढून समुद्राचं ताजं पाणी भरणं. जुनं काढून झालं. ताजं आलं नाही. दारात मावशीऐवजी तिची सून उभी होती, रिकाम्या हातांनी. "आई गेली," ती म्हणाली. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. काविलीनं. तेरावा उरकला, मग सांगायला आले."

मावशी मढची कोळीण. वीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ती आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगीत मासळी विकत होती. तिला कुणी "हे जमणार नाही" म्हटलं, की तिचं काम तिथून सुरू व्हायचं. बायकांनी होडीत पाय ठेवू नये असं तिच्या गावात म्हणत. नवरा वारल्यावर ती मुलाबरोबर सरळ होडीत जाऊन बसली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दर्याला काय डोले हायेत, बाई कोन नि बाप्या कोन ते बघायला?"

खाऱ्या पाण्यातले जिवंत मासे घरी पाळायचे हे माझं वेड जुनं. पहिली पेटी मी १९८१ मध्ये मांडली. लोखंडी चौकटीची होती. पाणी मीच वर्सोव्याहून आणलं, तेही पौर्णिमेला. का, तर तेव्हा भरती रस्त्यापर्यंत येते आणि बादल्या कमी वाहाव्या लागतात. त्याच संध्याकाळी मासे सोडले. नऊ दिवसांत सगळे मेले. चौकटीच्या गंजाने पाणी चहासारखं झालं. नवरा म्हणाला, "मासे बाजारातून आणावेत आणि तळून खावेत." ती पेटी चार वर्षं माळ्यावर कांदे ठेवायला वापरली.

गेल्या वर्षी पुन्हा ठरवलं. ह्या खेपेला काचेला काच चिकटवलेली, लोखंड नसलेली पेटी करून घेतली. बांगडे घेता घेता मावशीला सांगितलं, तर ती पाटी खाली ठेवून पोट धरून हसली.

"पुनवेचा पानी भरलंस? उधानाचा? अगो, तवा दर्या ढवललेला असतो. गाल, कचरा, सगला वर येतो. तुझे मासे चिखलात मेले!"

"मग कधी भरायचं?"

"आठमीला. तवा भांग असतो, भरती ल्हान, दर्या निजलेला असतो. आनि काठाचा नको. होडीतनं, आत जाऊन. तुला नाय जमायचा. मी आनीन."

दर वद्य अष्टमीला ती दोन कॅन घेऊन तीन मजले चढू लागली. पेटी भरली तरी मासे मात्र टाकू देईना. बोट बुडवून जिभेला लावायची आणि जाहीर करायची, "कच्चा हाय. पिकू दे." पाणी पिकतं कसं हे तिला सांगता येत नव्हतं. पाच आठवडे मी नुसत्या पाण्याकडे बघत बसले. घरचे रोज विचारत, "काय, पाणी काय म्हणतंय?" पुढे एका जुन्या पुस्तकात वाचलं की घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला इतकाच वेळ लागतो. मावशीला ते वाचून दाखवलं. "मंग मी काय सांगत व्हते?" एवढंच म्हणाली.

मला दुकानातले निळे-पिवळे मासे हवे होते. तिने ते धुडकावले. "ते पाव्हने. त्यांना आपला पानी मानवायचा नाय. आपल्या खडकावरचे ठेव." तिने खडकातले लहान मासे आणून दिले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मढचा एक दगडही आणला. त्यावर चार समुद्रफुलं होती, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्राणी, पण मिटलेली, शेंबडाच्या गोळ्यांसारखी. तिसऱ्या दिवशी ती उघडली. पुढच्या फेरीत मावशीने पाहिलं आणि पाटी दाराबाहेर ठेवून पंधरा मिनिटं फरशीवर बसून राहिली. तिच्या बाबतीत हे एकदाच घडलं.

सोसायटीचे सेक्रेटरी तिला जिन्यात अडवत. "खारं पाणी सांडतं, जिना खराब होतो, हे चालणार नाही."

"माझ्या पाटीतला पापलेट तुमच्या घरी चढतो, तवा जिना कसा चालतो वो?" मावशीने विचारलं. "तवा तर सरंग्याचा मोठा तुकडा मागता." वरच्या-खालच्या दारांतून बायका हसल्या. सेक्रेटरींनी महिनाभर मासळी घेतली नाही आणि मग मुकाट्याने घेऊ लागले.

मला म्हणायची, "बाय, तू घाबरत नायस, पन घाई करतंस. घाई केलीस की दर्या फसवतो." तिच्याइतकं थेट मला कुणी बोललं नव्हतं. मला ते आवडायचं.

सून चहा पिऊन गेली. तासाभरात सेक्रेटरींचं पत्र आलं. बातमी त्यांना माझ्याआधी कळली असावी. मासळीवालीचं निधन झाल्याने पाण्याची सोय राहिलेली नाही, तरी इमारतीच्या हितासाठी पेटी महिनाअखेर काढावी. नवऱ्यानेही वाचलं. "ह्या वेळी बरीच चालली की," तो समजुतीने म्हणाला. "आता सन्मानाने बंद कर." पेटीत पाणी उतरलेलं होतं. वरचं एक समुद्रफूल उघडं पडून मिटलं होतं. मी दगड हाताने खाली सरकवला आणि घरातले दोन कॅन धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, वर्सोव्याहून मढला उतरले. मावशीचा मुलगा होडीशी जाळं आवरत होता. मी कॅन आत ठेवले.

"बाय, मी भरून देतो," तो म्हणाला. "बायका बसत नाय होडीत."

"तुझी आई बसायची."

"ती कुनाचा ऐकायची नाय."

"मग मला हात दे, पाय घसरतोय."

त्याने गावाकडे एकदा पाहिलं आणि हात दिला. भरती शांतपणे चढली होती. काठ पुष्कळ मागे राहिला तेव्हा त्याने होडी थांबवली. दोन्ही कॅन मी स्वतः भरले. साडेनऊला रिक्षा बिल्डिंगीपाशी थांबली. एकेक कॅन करत तिसऱ्या मजल्यावर चढवला. पाणी पेटीत ओतलं, हात धुतले आणि सेक्रेटरींच्या पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं : "पाण्याची सोय झाली आहे. पेटी राहील." ते खाली त्यांच्या दारातून आत सरकवलं आणि भात लावायला वर आले.