पुसून आणलेले पेरू

पॅकिंगच्या शेडमध्ये तिला सगळे भिंगबाई म्हणत. नवऱ्यातली खोट काढून संपली म्हणून ती पेरूंकडे वळली, असं बायका पाठीमागे कुजबुजत. पण वीस वर्षांत तिने पास केलेल्या एकाही पेटीत परदेशी बंदरावर अळी निघाली नव्हती, हे तोंडावर कबूल करत.

त्या दिवशी माल आला तो जावयाचा, आणि तोही पहिलाच. बंदरावर अळी सापडली तर शेडचा परवाना जाणार. आणि माल परत पाठवला तर लेकीच्या संसारात विस्तव.

"आई, बघा, आरशासारखे केलेत!" जावई फुशारला. "घरच्या सगळ्यांनी ओल्या फडक्याने पुसलेत."

बाईने एक पेरू भिंगाखाली फिरवला. पतंगाची मादी फळावर अंडं घालते. आठवड्याभरात अळी निघते, बारीकसं भोक पाडून आत शिरते आणि दोन-अडीच आठवडे गर खात बसते. विष्ठा तेवढी भुशासारखी भोकातून बाहेर ढकलते. तो भुसा हीच काय ती चुगली, आणि या शहाण्यांनी तीच पुसून टाकली होती!

"जावईबापू, चोराच्या पावलांवर केरसुणी फिरवून आलात."

"मग आता?"

"आता बसायचं. आत कुणी असेल तर जेवेल, आणि जेवलं की..."

बायका फिदीफिदी हसल्या.

पांढऱ्या कागदावर शंभर पेरू मांडले. एक तास गेला. बंदराच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. दुसऱ्या तासाला शेडचा मालक दारात आला. "बाई, बोट सुटेल." बाईची नजर कागदावरून हलली नाही. आता बायकाही हसेनात.

"काही नाहीये, आई. सोडा ना," जावई हळूच म्हणाला.

तिसऱ्या तासाला कडेच्या पेरूखाली एक तपकिरी कण पडला. बाईखेरीज कुणी पाहिला नव्हता. फुंकर मारली की मिटलं असतं. तिने श्वास घेतला, तो तसाच धरून ठेवला.

"सुरी द्या गं."

फोडीत गुलाबीसर अळी वळवळत होती. चार दिवसांनी तिने पेटीच्या फटीत कोश केला असता, आणि पतंग उडाला असता परक्या मुलखात.

"सगळा माल परत."

जावयाचा चेहरा उतरला. "तुमच्या लेकीला तुम्हीच सांगा."

"सांगते. तुम्ही बागेत पळा. खाली पडलेली फळं वेचून खोल पुरा, नाहीतर पुढचा बहरही गेला."

बंदराची गाडी रिकामी निघाली. बाईने फोन लावला. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला.

"पास झाला ना गं, आई?"

"नाही," बाई म्हणाली. "मीच परत पाठवला."