टाकीच्या सावलीतली शेवंती

आमच्या घरात एलईडी आले ते गणपतीच्या बरेच आधी, एका खोक्यातून. धाकटे दीर रांजणगावच्या एका कंपनीत आहेत, कारेगावला राहतात. घरात नवं काही शिरलं की ते त्यांच्याच हातून शिरतं, आणि बरोबर भाषण फुकट मिळतं. खोकं ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, आता जुनं सगळं काढा. पिवळा बल्ब म्हंजी शेगडी हाय शेगडी. उजेड कमी आन् धग जास्त."

त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब डोकं तापवायचा, पण डाळीतला खडा काही दाखवायचा नाही. पडवीतली ट्यूब लागायच्या आधी इतकी फडफडायची की आलेला पाहुणा चपला काढायच्या विसरून तिच्याकडेच बघत राहायचा. मी स्टुलावर चढून दिवे बदलले. नवरा आणि दीर खाली उभे राहून, "उजवीकडं फिरवा, हां, आता दाबा," असं सांगत होते. झाकणं, नळ, मिक्सरची भांडी, गॅसचा रेग्युलेटर हे सगळं जन्मभर फिरवणाऱ्या बाईला बल्ब कसा फिरवायचा हे सांगावं लागतं, अशी पुरुषांची प्रामाणिक समजूत असते.

संध्याकाळी सगळे दिवे एकदम लावले. घर पांढरंफट झालं. कपाटामागची जळमटं, भिंतीवरचे तेलाचे हात, छतावरची ओल, इतकी वर्षं अंधारानं झाकलेलं सगळं उघडं पडलं. सासूबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "मान्सं आजारी असल्यावानी दिसत्यात गं." पण मला ते दिवे आवडले. चांगल्या वस्तूला चांगलं म्हणायला माझी हरकत नसते. हरकत असते ती चांगली वस्तू मूर्खाच्या हातात पडल्यावर जे होतं त्याला.

आधी आमच्याकडे मोरीतला बल्ब चुकून चालू राहिला तर नवरा अंगणातून ओरडायचा, "बापाची पेंड हाय का?" एलईडी आले आणि हे ओरडणं बंद झालं. त्याच्या जागी नवीन वाक्य आलं, "त्याला काय लागतंय? जळू दी." मोरीत दिवा, माळ्यावर दिवा, गोठ्यात दिवा, भर दुपारी पडवीत दिवा. मी एक बंद करून वळते तोवर दुसरा चालू. वीज वाचवायला आणलेले दिवे आमच्या घरात पहिल्यांदाच दिवसरात्र जळायला लागले आणि नवरा इथं आणि दीर कारेगावात, दोघंही बचत केल्याच्या आनंदात छाती काढून फिरायला लागले. बिल होतं तेवढंच आलं. त्यावर दोघांनीही मीटरवाल्यांना शिव्या घातल्या.

मग आला फ्लडलाइट. तो गच्चीवर जिन्याच्या खोलीला लोखंडी पाइप ठोकून बसवला. कारण काय, तर बिबट्या. आमचं घर कासुर्डीच्या शिवारात, मळ्यात, आजूबाजूला वस्ती विरळ. बिबट्याची भीती खोटी नाही. माझं माहेर भीमेच्या काठी वडगाव रासाईचं. तिथं नजर जाईल तिकडं ऊस आणि उसात बिबटे, तेव्हा मला बिबट्या शिकवायची गरज नाही. पण खरं कारण वेगळं होतं. शेजारी राहणाऱ्या नवऱ्याच्या चुलतभावानं त्याच्या गच्चीवर असाच दिवा लावला होता. आमचा लागल्या दिवशी नवरा मोटारसायकल काढून मुद्दाम हायवेपर्यंत जाऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आपला लांबनंच दिसतोय. त्याचा काय दिसत न्हाई." बिबट्याला काय दिसलं याची चौकशी कुणी केली नाही.

तो दिवा दिवेलागणीला लागायचा आणि सकाळी दूध घालून आल्यावर बंद व्हायचा.

आता त्या तुकड्याबद्दल सांगते, कारण या सगळ्यात माझा जीव फक्त तिथंच अडकला होता. घराला लागून, अंगणाच्या पलीकडे, एक अर्ध्या एकराचा तुकडा आहे. बाकी सगळ्या रानात ऊस. हा तुकडा मी भांडून शेवंतीला घेतला. रोपं माझी, खुरपणी माझी, फुलं पुण्याच्या बाजारात पाठवायची व्यवस्थाही माझी. नवऱ्याला ते पटलेलं नव्हतं. ऊस लावला की माणूस कारखान्याच्या सभेत पुढच्या खुर्चीत बसतो, उसाच्या नोंदी घेणारा चिटबॉय त्याला चहा पाजतो. शेवंती लावली तर कोण चहा पाजणार? शेवटी सासूबाईंसमोर बोली झाली. या दिवाळीला शेवंती आली तर तुकडा कायमचा माझा. नाही आली तर भाऊबीज झाल्यावर तिथं उसाची लागण.

शेवंती अशी वाढली की येणारा जाणारा थांबायचा. कमरेएवढी, हिरवीगार, पान तेलानं पुसल्यासारखं. नवरात्र आलं. आजूबाजूच्या रानांतल्या शेवंतीला कळी दिसायला लागली. माझी नुसती हिरवी. बोकडानं खायला बरी, एवढाच तिचा उपयोग.

घरात मग तज्ज्ञांची सभा भरली. दिरांनी फोनवरून निदान केलं, "वहिनी, युरिया जास्त झालाय." मी युरिया टाकलाच नव्हता. औषधाच्या दुकानदारानं एक टॉनिक दिलं. ते मारल्यावर झाडं आणखी हिरवी झाली. फोनवर उसाच्या बेण्याची चौकशी करताना नवऱ्याचा आवाज मात्र बराच मोकळा लागत होता.

सासूबाईंचं निदान सगळ्यांत जुनं. त्या म्हणाल्या, "कुना बाईची सावली पडली आसंल. शेवंतीला विटाळ चालत न्हाई."

"आत्या, तिथं माझ्याबिगर कोन बाई फिरतीया? आन् माझं तर ते कवाच थांबलंय."

"मग खुरपायला येत्यात त्या?"

दुसऱ्या दिवसापासून त्या बांधावर काठी घेऊन बसल्या आणि खुरपायला येणाऱ्या प्रत्येक बाईला अडवून विचारायला लागल्या. मी शरमेनं घरात गेले. पण त्या बायका काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. एक जण पदर खोचत म्हणाली, "आजी, आमच्या सावलीत येवढा दम आसता तर तनच जळालं नसतं का? खुरपायचं तरी वाचलं असतं." बायका हसत आत शिरल्या. सासूबाईंनी काठी आपटली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी पाणी बघायला आत शिरले. पार मधोमध चालताना हाताला काहीतरी टोचल्यासारखं लागलं. कळी. शेंड्याशेंड्याला हरभऱ्याएवढ्या कळ्या. पुढं बघितलं, तिथंही कळी. दोन सऱ्या डावीकडे बघितलं तर काही नाही. उजवीकडे काही नाही. फक्त एक पट्टा, घराच्या बाजूला अरुंद आणि पुढं रुंद होत गेलेला, जसा कुणी विळ्यानं आखून घ्यावा. खत सगळीकडे सारखं, पाणी सारखं, औषध सारखं. विटाळाची सावली पडली म्हणावी तर बायका काय एवढाच पट्टा सोडून चालल्या होत्या?

दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं. संध्याकाळी गोठ्यातून येताना गच्चीवरचा दिवा लागला. मी हातातली बादली ठेवली आणि तशीच शेवंतीत गेले. सगळं रान पांढऱ्या उजेडात न्हालेलं, आणि मधोमध काळा पट्टा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली. दिवा टाकीच्या मागे, टाकी पुढं, आणि तिची सावली बरोबर माझ्या कळ्यांवर लांब झोपलेली.

यवतकडे शेवंती लांबवायला लोक रानात बल्ब टांगतात. रात्र कमी पडली की शेवंती कळी धरत नाही, हे इथं शाळकरी पोरालाही माहीत आहे. नवऱ्यानंच मला हायवेवरून ते टांगलेले बल्ब कितीदा दाखवले होते. पण तो रानातला दिवा आणि हा घरचा दिवा. घरचा दिवा शेवंतीला लागतो, हे कुणाच्या ध्यानात येणार?

दसऱ्याला दीर आले. दिवेलागणीला मी दोघांनाही शेवंतीत नेलं.

"हितं उभं ऱ्हावा," मी नवऱ्याला म्हणाले. "पायाकडं बघा. तुमची सावली हाय का?"

"न्हाई."

"आता दोन सऱ्या इकडं या."

तो आला. त्याची सावली शेवंतीवर लांबलचक पडली.

"हितं कळी बघा. आन् मगाच्या जागेला बघा."

दीर वाकले आणि त्यांनी मोबाईलची बॅटरी लावली. या माणसाला उजेडातलं बघायलाही उजेड लागतो. बराच वेळ झाडं चाचपून ते टाकीकडे बघत म्हणाले, "आयला! दादा, ते यवतवाले बल्ब टांगत्यात…"

"ते मुद्दाम टांगत्यात," मी म्हणाले. "आपल्यात कुनाला त्याची गरज न्हाई. आपल्याकडं चुकूनबी होतं."

सासूबाई अंगणातून ओरडल्या, "मंजी सावलीचाच खेळ म्हनायचा की!"

"व्हय आत्या, टाकीच्या सावलीचा. बांधावर बसवा तिला आन् इचारा, कावळा शिवलाय का म्हनून."

दीर खो खो हसले. नवरा हसला नाही. तो म्हणाला, "मग बिबट्या आला म्हंजी?"

"बिबट्या काय शेवंतीचा गजरा माळायला येतोय? येतोय गोठ्याकडं. लाईट गोठ्याकडं फिरवा."

"तिकडं फिरवला तर हायवेवरनं दिसत न्हाई."

तो हे बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोललो. दिरांनी मान खाली घातली आणि उगाच एक तण उपटलं.

सकाळी मी पाना घेऊन गच्चीवर गेले, नट सैल केला, दिवा गोठ्याकडे खाली वळवला आणि पुन्हा आवळला. कुठल्या बाजूला फिरवायचं हे सांगायला खाली कुणी उभं नव्हतं.

दिवाळी आली ती मात्र जायची तशी गेली. टाकीच्या सावलीएवढ्या पट्ट्यात फुलं फुलली. लक्ष्मीपूजनाला घरची आणि शेजारच्या दोन घरांची सोय झाली, बाजारात पाठवायला काही नाही. नवरा म्हणाला, "बोली ती बोली." मी म्हणाले, बोली शेवंतीवर झाली होती, तुमच्या दिव्यावर नव्हती. तो म्हणाला, बेणं सांगून झालंय. कारखान्याच्या सभेत बसून बसून माणसाला ही एक कला येते, चूक आपली असली तरी ठराव आधीच मंजूर झालेला असतो.

भाऊबीज झाल्यावर खरोखरच बेण्याची ट्रॉली अंगणात आली. मागोमाग नांगर जोडलेला दुसरा ट्रॅक्टर. मी पायात चपला सरकवून बाहेर आले, भांडायच्या तयारीनं. पण माझ्या आधी सासूबाई शेवंतीत पोचल्या होत्या. दिवा फिरवल्यापासून रानाला चांगली रात्र मिळाली होती आणि शेंड्यांवर तांदळाएवढ्या कळ्या धरल्या होत्या. सासूबाईंनी एक शेंडा डोळ्यांजवळ नेला, नखानं चाचपला, आणि तिथंच सरीत बसकण मारली.

"आई, उठ. ट्रॅक्टर रानात घालायचाय."

"कळी धरलीया झाडांनी. पोटुशीला कुनी उपटून टाकतं व्हय रं? माझ्या जीत्यापनी ह्या रानात आसलं पाप व्हायचं न्हाई."

"आगं, शेवंती हाय ती!"

"मग शेवंतीच पोटुशी हाय. जा, घेऊन जा तुझं बेनं."

मी यातल्या कशावर विश्वास ठेवत नाही. ज्या डोक्यातून विटाळ निघाला त्याच डोक्यातून हे पोटुशीचं निघालं, हेही मला दिसत होतं. पण बुडत्यानं लाकूड आंब्याचं का बाभळीचं हे बघू नये. मी चहा ठेवायला आत गेले आणि त्यांचा कप त्यांना सरीतच नेऊन दिला. ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "काय ते एकदा ठरवा, मला दुसरीकडं जायचंय." नवऱ्यानं बेणं विहिरीपलीकडच्या रानात वळवलं.

मार्गशीर्ष लागला. बाकीच्यांची शेवंती दिवाळीतच संपून काडी झालेली. आमचं सगळं रान पिवळंजर्द. गुरुवारच्या पूजांना बाजारात फुलं हवीत आणि फुलं आमच्याकडे. खुरपायला येणाऱ्या त्याच बायका आता तोडायला आल्या. त्यांना बांधावर कुणी अडवलं नाही. सासूबाई अंगणात बसून पाट्या मोजता मोजता, "दांडी राखून तोडा गं," एवढंच म्हणत होत्या.

आणि मग लोक बघायला येऊ लागले. एका सकाळी चुलतभाऊच दोघातिघांना घेऊन आला आणि बांधावर उभा राहून विचारू लागला, दादा, एवढी लांबवली कशी? मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून नवऱ्याचा आवाज आला.

"त्याचं एक शास्त्र हाय. रातचा उजेड द्यायचा. कुटनं द्यायचा, किती द्यायचा, कवा बंद करायचा, त्यो हिशेब पायजे."

"मग पुढल्या वक्ताला काय, ऊस?"

"ऊस काय, कुनीबी लावतंय. ह्यो तुकडा शेवंतीचाच ठिवायचा."

भाकरी तव्यावर होती म्हणून मी बाहेर गेले नाही. तुकडा राहिला होता, तो कुणाच्या शास्त्रानं राहिला याचा निवाडा मला करायचा नव्हता. भाकरी उतरवली, हात धुवायला मोरीत गेले. भर सकाळी मोरीतला दिवा लख्ख जळत होता. मी तो बंद केला.